चौदा अक्षरांचं ठिगळ

१

सोमवारी सकाळी जिपारने फ्रीझरचा तिसरा खण ओढला. खणात बर्फ होता, पेटी होती, पेटीला पाच नळ्यांची पाच भोकं होती. नळी एकही नव्हती.

त्या पाच नळ्यांत एशिम होतं. एशिम हे एक प्रथिन. काळपुळीच्या जंतूची भिंत कापून त्याला जागच्या जागी फोडणारं. प्राध्यापक एशिम यांनी (सगळे त्यांना आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणायचे) अकरा वर्षं खपून ते घडवलं, विद्यार्थ्यांनी त्यांचंच नाव त्याला चिकटवलं. मार्चमध्ये आगाय गेले आणि ते काम जिपारच्या पदरात पडलं. पोरीचा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा होता.

दुपारपर्यंत गोष्ट भलतीकडेच गेली. विभागप्रमुख रिस्बेक यांनी संचालकांच्या टेबलावर लेखी तक्रार ठेवली. आगायांचं मूळ प्रथिन निकामीच होतं, असं त्यांचं म्हणणं. जूनमध्ये सूसामिरच्या गुरं पुरलेल्या माळावरून आपण माती आणली, तिच्यात एक नवं प्रथिन सापडलं, जिपारने त्याची अक्षरं (म्हणजे त्याच्या साखळीचा क्रम) चोरली, थोडी इकडची तिकडे केली आणि मेलेल्या माणसाचं नाव लावून खपवली. आता पडताळणी होणार म्हणताच नळ्याही तिनेच पळवल्या.

चौकशी समिती मंगळवारी तीन वाजता बसणार होती. आरोप खरा ठरला तर प्रबंध रद्द, नोकरी बंद. आणि बिश्केकमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. एकदा चोर ठरलेल्या मुलीला दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत कोण उभं करणार होतं?

संचालक तुर्गुनबेक यांनी फोन उचलला आणि बेर्मेत एजेला लावला.

"एजे, ताबडतोब या. आग लागलीय."

"मग बंबवाल्यांना बोलाव. मला कशाला?"

"बंबवाल्यांना अक्षरं वाचता येत नाहीत, एजे."

बेर्मेत एजे, म्हणजे बेर्मेत ताई, तीस वर्षं त्याच इमारतीत बसून प्रथिनांची अक्षरं वाचलेली बाई. जिभेला हाड नाही, आणि ओव्हरकोटाच्या खिशात कायम कुरूतचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, खारट खडे. निरोपाच्या मेजवानीत घोड्याच्या मांसाची परात समोर असताना ती कुणाच्या तरी प्रबंधातली चूक काढत बसली होती. निवृत्त होऊन तिला दोन वर्षं झाली, पण तिचं टेबल हलवायची हिंमत अजून कुणाला झालेली नव्हती.

ती तासाभरात हजर झाली.

२

"रडून झालं असेल तर बोल," एजे म्हणाली. "झालं नसेल तर रडून घे. मी थांबते."

जिपारने नाक पुसलं. "एजे, मी नाही घेतल्या."

"ते मी विचारलंच नाही. रविवारी तू बर्फाची पेटी घेऊन फाटकातून बाहेर पडलीस, असं पहारेकरी सांगतो. काय होतं तिच्यात?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने नजर फ्रीझरकडे वळवली.

"बघ बाई, उद्या समितीपुढे असं तोंड शिवून बसलीस तर ते तुला तिथेच गाडतील."

"विरजण होतं," जिपार पुटपुटली. "कुमीसचं. सहाव्या खणातलं, आत-बाशी गावचं. आईला छातीचा त्रास आहे, तिला त्याच कुमीसने उतार पडतो. इथली वस्तू बाहेर न्यायची नाही, माहितीये मला. पण नेली."

एजे उठून फ्रीझरपाशी गेली. दारावर सहाव्या खणाची यादी चिकटवलेली होती, सुबक हस्ताक्षरातली. कुमीसची, म्हणजे आंबवलेल्या घोडीच्या दुधाची, विरजणं: कोचकोरची म्हातारी, आत-बाशी, पांढरी दाढी, सोनकुल. ज्याच्या पखालीतून विरजण आलं त्याची ओळख वर लिहायची, ही इथली जुनी पद्धत. आत-बाशीच्या चार नळ्यांपैकी एक खरंच कमी होती.

"आईसाठी चोरी केलीस, तीही दह्याची," एजे म्हणाली. "चोर म्हणायलासुद्धा लाज वाटते. बरं, तुझ्या एशिमची अक्षरं रिस्बेकना कशी मिळाली?"

"मीच दिली! मे महिन्यात. प्रबंधाचा कच्चा मसुदा विभागप्रमुखाला द्यावाच लागतो. आता म्हणतात, सप्टेंबरात मिळाला."

"पोच घेतलीस?"

जिपारने मान हलवली. नाही.

"आगाय कुणालाच अक्षरं दाखवायचे नाहीत, एजे. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांनी फक्त मला दिली. संगणकात आहेत, पण संगणकातली तारीख काय, कुणीही बदलतं म्हणे. खरा पुरावा त्या नळ्याच होत्या."

फ्रीझरच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. जिपारकडे, रिस्बेककडे आणि कानिशाय नावाच्या साहाय्यिकेकडे.

३

रिस्बेक यांच्या खोलीत चहा आला, सोबत सफरचंदांची बशी. माणूस देखणा, बोलणं लोण्यासारखं.

"घ्या ना एजे."

"ते गोल फळ नको, दात हलतात. तुमचं प्रथिन दाखवा."

त्यांनी कागद पुढे केला. दोनशे तेहतीस अक्षरं. "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर आमच्या गुरू. पुढे कात्री, मागे पकड. नेहमीचंच घराणं, पण माझं वाण वेगळं आहे."

"आणि ही पोर चोर?"

"मला काय आनंद होतोय का एजे, लेकीसारखी आहे ती!" त्यांनी उसासा टाकला. "पण चोरी ती चोरी."

एजे तो कागद आणि जिपारच्या एशिमचा कागद घेऊन आपल्या जुन्या टेबलापाशी आली, कुरूतचा एक खडा तोंडात टाकला आणि संगणक चालू केला.

किर्गिझ पोराला सात बापजाद्यांची नावं पाठ नसली तर लोक त्याला गुलाम म्हणतात. प्रथिनाचे सात काय, सातशे बापजादे संगणक अर्ध्या मिनिटात उभे करतो. ते सगळे एकाखाली एक लावायचे आणि बघायचं, पिढ्यान्‌पिढ्या काय बदललं आणि काय नाही. जे बदललं नाही त्याच्यावरच प्रथिन जगतं. एशिमच्या घराण्यात असे दोन खंड होते. पुढचा खंड जंतूची भिंत कापणारी कात्री. तिच्यात जस्ताचा कण धरून ठेवणारी तीन अक्षरं, ती हलली की कात्री बोथट. मागचा खंड पकड, जी नेमका काळपुळीचाच जंतू धरते. आणि दोघांच्या मध्ये एक सांधा. या सांध्याला कुळाचार नाही. ज्याचा त्याचा निराळा, जिकडे वारा तिकडे.

जिपारचं आणि रिस्बेकचं प्रथिन एजेने एकाखाली एक ठेवलं. कात्रीत तिसरा हिस्सा अक्षरं वेगळी. पकडीतही तेवढीच. महत्त्वाच्या अक्षरांना धक्का नाही. अगदी लांबच्या भावंडांत असावं तसंच.

मग तिची नजर सांध्यावर गेली आणि तोंडातला कुरूत तसाच राहिला.

सांध्याची चौदा अक्षरं होती. दोन्हीकडे चौदाच्या चौदा तीच.

४

"म्हणजे काय एजे?" तुर्गुनबेकनी विचारलं.

"दोन भावांचं नाक सारखं असतं, त्याचं नवल नाही. पण दोघांच्या सदऱ्याला त्याच जागी, त्याच कापडाचं, त्याच टाक्यांचं ठिगळ दिसलं तर काय म्हणशील?"

"सदरा एकच आहे म्हणेन."

"तेच. दोनशे बारा नातेवाईक तपासले मी. सांधा कुणाचाच कुणाशी जुळत नाही. ही चौदा अक्षरं निसर्गातली नाहीतच, कुणीतरी हाताने बसवलेली आहेत. ज्याने नक्कल केली त्याने कात्री बदलली, पकड बदलली, पण सांध्याला हात लावायला तो घाबरला. हे ठिगळ उसवलं तर सगळं मोडेल, हे त्याला ठाऊक होतं."

"हातानं बसवलेलं असेल तर मातीत सापडलं कसं?"

"विचार त्यांना."

तुर्गुनबेकनी रिस्बेकना फोन लावला, दोन मिनिटं ऐकलं आणि ठेवला. त्यांचं तोंड उतरलं होतं. "म्हणतात, सांधा मीच बसवला, मातीतल्या मूळ प्रथिनावर. ऑगस्टमध्ये. आणि तोही पोरीने उचलला."

चोराच्या उलट्या बोंबा! पण त्या खोडायच्या कशा? ठिगळ एकच, हे सिद्ध झालं होतं. आधी कुणी लावलं, हे अक्षरं सांगत नव्हती. एजेचं मन सांगत होतं, पण समिती मनावर सही करत नाही.

उरली कानिशाय.

कानिशाय नारिनकडची, तिशीतली, डोक्याला रुमाल. एशिम आगायांची धाकटी सून. आगायांनीच तिला इथे कामाला लावलं होतं. ती खुर्चीच्या कडेवर टेकून बसली. टेबलावर चहा आणि नान होता, तिने कशालाच हात लावला नाही.

"तिसऱ्या खणातलं एशिम तू शेवटचं कधी पाहिलंस?"

कानिशायची मान खाली गेली. "ते... तिथल्या नळ्या जिपार ठेवते. चिठ्ठ्याही तीच लावते. मी त्यांना हात लावत नाही."

"का गं?"

"असंच."

"तुझी किल्ली कायम तुझ्याकडेच असते?"

"हो. फक्त शनिवारी दुपारी रिस्बेक बाइकेंनी मागितली. त्यांची घरी राहिली म्हणाले. तासाभराने परत दिली."

बाइके म्हणजे दादा, इथे वडीलधाऱ्या पुरुषाला असंच म्हणतात. एजेने ते ऐकून ठेवलं. किल्ली मागणं हा गुन्हा नव्हे. विभागप्रमुख रोज दहा वेळा किल्ल्या मागतो.

"नीट आठव. एशिमची दुसरी एखादी नळी या इमारतीत कुठे आहे?"

बाई कानापर्यंत लाल झाली. मग तिने एकदम हात पुढे करून नानवर ठेवला. "त्या नावाची एकही नळी मी ठेवलेली नाही, एजे. ह्या नानची शपथ."

नानवर हात ठेवून इथे कुणी खोटं बोलत नाही. पण बाई काहीतरी गिळत होती, हेही डोळ्यांना दिसत होतं. एजे चरफडत उठली. ह्या सगळ्यात खरी चोर ही गरीब गाय तर नसेल?

५

घरी जाताना एजे बाजारात शिरली. डोकं भणभणत होतं. बावीस तास उरले होते आणि हातात भोपळा.

"काय देऊ, एजे?" फळवालीने विचारलं.

"ती लाल, गोल फळं दे. दोन किलो."

फळवाली खळखळून हसली. "सफरचंद म्हणा की सरळ! दर आठवड्याला गोल फळं, गोल फळं. सासऱ्यांचं नाव का?"

"आल्माबेक," असं एजे म्हणाली नाही. तिने नुसती मान डोलावली. आल्मा म्हणजे सफरचंद. एकेचाळीस वर्षांपूर्वी ती सून होऊन त्या घरात आली, त्या दिवसापासून तो शब्द तिने तोंडातून काढला नव्हता. सासऱ्याचं नाव सून घेत नाही, लिहीतही नाही. त्या नावात एखादी वस्तू असली तर त्या वस्तूलाही दुसरं काहीतरी म्हणते.

"अहो, म्हातारे असतात का अजून?"

"वीस वर्षं झाली जाऊन. सासरे गेले, सवय गेली नाही." एजेने पैसे काढले आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

त्या नावाची एकही नळी मी ठेवलेली नाही.

त्या नावाची!

"अगं बाई, मी केवढी मूर्ख!" एजे भर बाजारात ओरडली. प्रयोगशाळेत दिवसभर सगळे एशिम, एशिम म्हणत होते. तिच्या कानाला ते प्रथिनाचं नाव झालं होतं. कानिशायच्या कानाला ते सासऱ्यांचंच होतं. बिचारी दिवसभर त्या नावाला वळसे घालत होती, आणि आपण तिला चोर ठरवत होतो!

"एजे, फळं!" फळवाली मागून ओरडली. एजे केव्हाच रस्त्यापलीकडे गेली होती.

कानिशाय कोट घालून निघतच होती. एजेने तिला दारातच गाठलं.

"सूनबाई, एक सांग. घरी सासऱ्यांना तू काय म्हणायचीस?"

कानिशाय दचकली, मग हळूच म्हणाली, "पांढरी दाढी."

सहावा खण! काखेत कळसा आणि गावाला वळसा. एजेने तिचा हात धरून तिला फ्रीझरपाशी ओढत नेलं. विरजणांच्या रांगेत सहा नळ्या होत्या. पांढरी दाढी, १४ डिसेंबर.

"आजारी होते तेव्हा इथे आले होते," कानिशाय म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "म्हणाले, सूनबाई, हे तुझ्या खणात ठेव. काय आहे ते मी विचारलं नाही. सासऱ्यांना कसं विचारायचं? त्या खणात सगळी विरजणंच असतात, मला वाटलं तेच असेल. चिठ्ठीवर त्यांचं नाव कसं लिहू? म्हणून..."

"यादी कधी लिहिलीस?"

"दारावरची नंतर. पण रजिस्टरमध्ये त्याच दिवशी."

शिवलेलं रजिस्टर होतं, शाईचं. वर १३ डिसेंबरची नोंद, खाली १६ ची, मध्ये पांढरी दाढी, सहा. पण चिठ्ठी आणि रजिस्टर काहीही म्हणो, नळीत काय आहे ते नळीलाच विचारायला हवं होतं. त्यात खरंच दही निघालं तर?

६

मंगळवारी सकाळी आठला जिपारने नळीतला बर्फ खरवडला. उकळून, गाळून यंत्रात घालायला साडेदहा झाले. यंत्र मुठीएवढं, पण अक्षरं वाचायला चार तास घेणार. जिपारने नखं कुरतडली. कानिशायने तीनदा चहा केला, तो तीनदा गार झाला. एजे कुरूत चघळत राहिली आणि दोघींवर खेकसत राहिली.

दोन चाळीसला अक्षरं पडद्यावर आली. एजेने खंड शोधायला लावले. पहिला पट्टा उमटला: कात्री. जस्ताची तिन्ही अक्षरं जागच्या जागी. दुसरा पट्टा: पकड. मधल्या सांध्यावर तिने बोट ठेवलं आणि मोठ्याने मोजलं.

"...बारा, तेरा, चौदा. चला पोरींनो."

समितीत तुर्गुनबेक आणि बाहेरून आलेले दोघे होते. भिंतीवर एशिम आगायांची तसबीर, पांढरी दाढी छातीपर्यंत आलेली. एजेने नळी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. खंड, सांधा, ठिगळ, तारीख.

"रिस्बेकांची माती जूनची, त्यांचा सांधा ऑगस्टचा. हाच सांधा, हीच जिपारची दोनशे तेहतीस अक्षरं, या नळीत डिसेंबरपासून आहेत. म्हणजे नक्कल कुणी कुणाची केली, ते शाळकरी पोरही सांगेल."

रिस्बेकचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्यांनी कागद जुळवले. माणूस हुशार, तो असा सहज पडणारा नव्हता.

"एजे, नळीवर पांढरी दाढी लिहिलंय. रजिस्टरमध्येही तेच. सहावा खण कुमीसचा. म्हणजे हे कुणा मेंढपाळाच्या पखालीतलं दिसतं, नाही का? मग हा सांधा निसर्गातच आहे, आणि माझ्या मातीतही तसाच सापडला. सांधा मी बसवला असं काल बोललो ती माझी घाई झाली. पण या नळीचा आगायांशी काय संबंध? हे एशिमच आहे असं कुठेही लिहिलेलं नाही."

"ही त्यांची सून इथे बसलीय. तिनेच ठेवली."

"मग तिने सांगावं." रिस्बेक कानिशायकडे वळले. आवाजात मध होता. सगळं त्यांना आत्ता उमगलं होतं, आणि त्याचीच ढाल करायचं त्यांनी ठरवलं होतं. "सांग कानिशाय, नळी कुणी दिली? नाव घेऊन सांग. नोंदीला पूर्ण नाव लागतं."

जिपारने डोळे मिटून घेतले.

"लाज वाटू दे रिस्बेक!" एजे कडाडली. "सुनेला नाव घ्यायला लावतोस? तेही मेलेल्या माणसाचं? कानिशाय, तू नको बोलूस. काहीतरी दुसरी वाट काढू."

कानिशाय उठली. तिने एजेकडे पाहिलं नाही, रिस्बेककडे पाहिलं नाही. ती जिपारकडे बघत होती. मग ती तसबिरीसमोर गेली, रुमाल सारखा केला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तीनदा वाकली. सून सासऱ्यांपुढे वाकते तशी.

"बाबा, क्षमा करा," ती म्हणाली. आणि समितीकडे वळली. "एशिम. एशिम बायझाकोव्ह. माझे सासरे. चौदा डिसेंबरला त्यांनी या नळ्या माझ्या हातात दिल्या."

प्रत्येक अक्षर स्पष्ट होतं. तुर्गुनबेकनी मान खाली घालून ते लिहून घेतलं.

"आणि शनिवारी," ती पुढे म्हणाली, आता न थांबता, "माझी किल्ली रिस्बेक बाइकेंनी नेली. तुमची किल्ली घरी राहिली होती ना, बाइके? पण शनिवारी सकाळी फ्रीझरचं तापमान तुम्हीच लिहिलंय, रजिस्टरमध्ये सही आहे. दार स्वतःच्या किल्लीने उघडलंत. मग दुपारी माझी कशाला नेलीत? उद्या बोट माझ्याकडे वळावं म्हणून?"

रिस्बेकनी समोरचे कागद पुन्हा जुळवायला घेतले. बाहेरून आलेल्या दोघांपैकी एकाने शांतपणे त्यांच्यासमोरचा तक्रारीचा कागद उचलला आणि उलटा ठेवला.

जिपार रडत होती, आणि या वेळी एजेने तिला कधी थांबणार ते विचारलं नाही.

महिन्याभराने जिपारचा प्रबंध मान्य झाला. आत-बाशीच्या विरजणाबद्दल तिला लेखी समज मिळाली, ती एजेनेच आग्रहाने द्यायला लावली. नव्या नळ्या भरल्या तेव्हा चिठ्ठ्या लिहायचं काम जिपारने आपणहून कानिशायच्या हातात दिलं.

"काय लिहू?" कानिशायने विचारलं.

"तुला जमेल ते लिही," जिपार म्हणाली.

कानिशायने पेन उचललं. तिसऱ्या खणाच्या यादीवर सुबक अक्षरात लिहिलं: पांढरी दाढी. तुर्गुनबेकनी यादी वाचली, तसबिरीकडे एकदा पाहिलं आणि खाली सही केली.